बर्फाची गाडी

सुपडू मिस्त्रीने खिशातून लोहचुंबक काढलं,
जुन्या स्पीकरमधलं, चपटं, एका बाजूला टवका उडालेलं,
आणि आमच्या डुक्कर फियाटच्या अंगावरून फिरवत गेला.
बोनेटला चिकटलं. डाव्या दाराला चिकटलं.
उजव्या दारावरून घसरून पडलं:
तिथे पुट्टी, आबांनी एकोणऐंशी साली भरून घेतलेली,
बेटावदच्या फाट्यावर बैलगाडी आडवी आली तेव्हाची.
डिकीपाशी त्याने चुंबक टेकवलंच नाही.
बोट टेकवलं.
बोट आरपार गेलं.

"ताई, पत्रा सडी गया. इंजन आजून जित्तं शे.
बोला, जोडनं शे का तोडनं शे?"

अमळनेरात बाकीच्यांच्या गाड्या उन्हाने गेल्या,
आमची पाण्याने गेली.
कारखान्यात मिठाच्या पाण्यात उभे डबे,
डब्यातून सुटलेली लादी, करवतीने तिचे दोन तुकडे,
भुशात लोळवून, गोणपाटात गुंडाळून डिकीत.
मे महिन्यात धरणगावच्या रस्त्यावर
गाडीमागे ओली रेघ पडायची
आणि कुत्री ती चाटत चाटत फर्लांगभर यायची.
लग्नाच्या सरबताला बर्फ, आइस्क्रीमच्या पॉटला बर्फ,
आणि ज्या घरचा मुलगा सुरतेत
आणि पॅसेंजर यायला अजून अख्खी रात्र,
त्या घरी.
त्या घरचे पैसे आबा वहीत मांडायचे नाहीत.
त्या गल्लीत हॉर्न द्यायचे नाहीत.
शाळेतून येताना मला तेवढ्यावरून कळायचं:
गाडी वळली आणि हॉर्न नाही,
म्हणजे आज कोणीतरी थांबलंय
कुणासाठी तरी.

हिशेब मी कॅलेंडरच्या मागे मांडून पाहिला.
तळ नवा, मडगार्ड नवे, वायरिंग, रबर, रंग,
सुपडू म्हणतो साडेपाच लाख, म्हणजे सात.
एवढं करून जी उभी राहील
ती निम्मी त्याच्या वेल्डिंगची,
तिच्यात कधी बर्फ गेलेला नसेल.

पारोळ्याचा एक पोरगा आहे, झुलाल,
आजोबांची अशीच गाडी उभी करतोय दोन वर्षं.
त्याला नाकाची जाळी हवी, गिअरबॉक्स, डावं दार.
रविवारी आला मोजपट्टी घेऊन, ती काढलीच नाही.
दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं,
कान बिजागरीशी नेला.
"आमच्यावाल्या गाडीचा असाच आवाज होता," म्हणाला,
आणि भाव विचारायचा विसरून गेला.
की विसरल्यासारखं केलं. धंद्यात मीही वाढलेय.

उधन्याहून हेमराजचा फोन:
"अक्का, किलोने देऊन टाक ना, कशाला जीव लावतेस."
त्याला काय बोलणार.
आबा गेले तेव्हा तो येईस्तोवर
भाड्याची काचेची पेटी आणली होती, प्लग लावायची.
कारखाना बंद होऊन तेव्हा नऊ वर्षं झालेली.
पेटी रात्रभर घरघरत राहिली,
दर तासाला मी उठून पाहायची लाइट आहे ना,
आणि पलीकडे शेडात गाडी,
टायर बसलेले, डिकी कोरडी.

काल सुपडूला म्हटलं, आधी बाहेर तर काढ,
उजेडात बघू.
घोडी उभी केली. साखळी लावली.
मागचं अंग वर आलं
आणि तळ आलाच नाही.
जमिनीवर राहिला, चौकोनी, तांबडा भुगा,
दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवावेत त्या मापाचा.
सुपडूने साखळी तशीच धरून ठेवली.
माझ्याकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही.

झुलालला फोन लाव, म्हटलं.
दार ने, जाळी ने, गिअरबॉक्स ने,
इंजिन जित्तं आहे तर तेही ने.
पैशांचं मागून बोलू.

संध्याकाळी तो टेम्पो घेऊन आला.
सुपडू बॅटरीच्या दोन वायरी घेऊन वाकला:
"ताई, हॉर्न वाजस का दखू?"

नको, म्हटलं.
आज नको.